नवती फुटली की पहिलं काम

सोलापूर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, लिंबाच्या पानांचे फोटो मोठे करून पाहिले. गोगलगाय फिरून गेल्यासारखी चंदेरी नागमोडी रेघ आणि तिच्या मधोमध काळसर बारीक धागा. ही नागअळीच. तो धागा म्हणजे तिची विष्ठा. ज्या पानांची कड दुमडली आहे, त्या घडीत अळी कोषात गेली आहे. अशा पानांवर औषध मारू नका. जे व्हायचं ते तिथे होऊन गेलंय.

आई, "चार दिवसांत झाड असं कसं झालं" हे तू विचारलंस, त्याचं उत्तर या अळीच्या जन्म-वाढीच्या फेऱ्यात आहे. तिचा पतंग इतका लहान की पंख पसरून जेमतेम 4 मिलिमीटर. रंगाने चंदेरी पांढरा आणि पंखाच्या टोकाला एक काळा ठिपका. दिवसभर दडून बसतो, फिरतो तो पहाटे आणि अंधार पडल्यावर. म्हणून तुम्हाला कधी दिसला नसेल. मादी कोवळ्या पानावर मधल्या शिरेजवळ, बहुतेक खालच्या अंगाला, एकेक अंडं घालते. ते दवाच्या थेंबासारखं दिसतं. अंडं 2 ते 10 दिवसांत फुटतं आणि अळी थेट पानाच्या सालीखाली शिरते. 5 ते 20 दिवस ती तिथेच रस पिते, एकदाही बाहेर येत नाही. वरवरची फवारणी म्हणूनच वाया जाते. मग कोष 6 ते 22 दिवस. सगळा फेरा 13 ते 52 दिवसांचा. हवा उबदार असली आणि नवती, म्हणजे नवी कोवळी पालवी, फुटत राहिली की तीन आठवड्यांच्या आत पुढची पिढी तयार. जून पानावर मात्र तिचं काही चालत नाही, तिला कोवळं पानच लागतं.

कीड मूळची आपल्या आशियातलीच. 1856 साली इंग्रज कीटकशास्त्रज्ञ स्टेन्टन यांनी तिचं शास्त्रीय वर्णन केलं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. 1993 मध्ये ती फ्लोरिडात सापडली, 2000 मध्ये कॅलिफोर्नियात. फ्लोरिडावाल्यांना तिच्यावर जगणारी परोपजीवी गांधीलमाशी बाहेरून आणून सोडावी लागली. आपल्याकडे तिचे शत्रू बागेत आधीच आहेत: बारीक गांधीलमाश्या, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक), कोळी, मुंग्या. दर आठ दिवसांनी जहाल औषध मारलं की आधी तेच मरतात.

मोठ्या झाडाचं ती फार बिघडवत नाही. पानं वेडीवाकडी होतात, पण झाड सोसतं. खरी भीती खैऱ्याची, म्हणजे पानाफळांवर खरबरीत डाग पाडणाऱ्या जिवाणूजन्य रोगाची. कागदी लिंबू त्याला फार लवकर बळी पडतं, आणि अळीने फाडलेल्या सालीतून पावसाच्या पाण्याबरोबर त्याचे जिवाणू सरळ आत जातात. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या रोपांना दोन्हींचा मार बसतो, म्हणून विहिरीकडच्या नव्या ओळी आधी बघा.

मृग बहाराची नवती फुटू लागली की दर तीन दिवसांनी दहा-बारा झाडं फिरा. पान बोटाच्या पेरभर असतानाच उलटं करून उन्हाकडे धरा. अंडी किंवा केसाएवढी रेघ दिसली की त्याच संध्याकाळी 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. 15 लिटरच्या पंपाला 750 ग्रॅम निंबोळी पावडर लागते. ती दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्यातून दोनदा पिळून गाळा (नाहीतर नोझल तुंबतं), 30 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि पाणी पुरं करा. पानांची खालची बाजू भिजली पाहिजे. उन्हाने अर्काचा जोर जातो, म्हणून वेळ संध्याकाळचीच. सात-आठ दिवसांनी पुन्हा एकदा.

खैऱ्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड (तांब्याचं औषध) 10 लिटर पाण्याला 30 ग्रॅम, पण ते अर्कात मिसळू नका. साबण आणि तांबं एकत्र आलं की साका धरतो. दोन फवारण्यांत तीन-चार दिवस जाऊ द्या.

बुंध्यावरचे पानसोट (जोमाने सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) कोवळे असतानाच हाताने मोडा, ते या किडीचं माहेरघर आहे. युरियाचा हप्ता एकदम टाकू नका, थोडा थोडा विभागून द्या. एकदम दिला की नवती उशिरापर्यंत फुटत राहते आणि अळीचं खाणं संपत नाही. नवती एकदम येऊन एकदम पिकली, तर अर्धं काम तिथेच होतं. कोष असलेली पानं थोडी असतील तर तोडून जाळा. जास्त असतील तर राहू द्या, झाड बोडकं करू नका.

फवारताना वाऱ्याकडे पाठ ठेवा, तोंडाला फडकं बांधा. पुढचा फोटो पाठवाल तो पानाच्या मागच्या बाजूचा पाठवा.

तुमची लेक