भाजे–विसापूरच्या पायवाटेवर दिशाफलक हवेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा आला की दर रविवारी भाजे–लोहगड रस्त्यावर होणाऱ्या वाहनकोंडीच्या बातम्या येतात आणि एकेरी वाहतुकीपासून प्रवेशबंदीपर्यंत नाना उपाय सुचवले जातात. पुण्याहून लोणावळा लोकलने येऊन मळवलीला उतरल्यास भाजे लेणी आणि विसापूर किल्ला एका दिवसात, तेही संपूर्ण पायी पाहून होतात, ही गोष्ट मात्र त्या चर्चेत कुठेच नसते.

गेल्या पावसाळ्यात दोन भाच्यांना घेऊन मी असाच निघालो होतो. सकाळी भाज्याच्या पायऱ्या चढताना धबधब्याखाली जत्रा भरलेली होती. वर चैत्यगृहात, म्हणजे लेण्यांतल्या बौद्ध प्रार्थनागृहात, मात्र आम्ही तिघेच. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात कोरलेल्या या चैत्यगृहाच्या कमानदार छताला त्या काळच्या लाकडी फासळ्या अजून आहेत, हे सांगितल्यावर धाकट्याचा विश्वास बसेना. लाकडी इमारतीत खांब आतल्या बाजूला कलते ठेवत, म्हणून इथे दगडातही ते तसेच कलते कोरले आहेत, हे त्याला खांबाशेजारी उभे करून दाखवावे लागले. पुढे चौदा स्तूपांचा समूह आणि दक्षिणेकडच्या विहारातील रथारूढ सूर्याचे शिल्प पाहण्यात दीड तास कसा गेला, ते कळले नाही.

अडचण त्यानंतर सुरू झाली. भाजे गावातून गायमुख खिंडीत पोहोचल्यावर उजवीकडे लोहगड आणि डावीकडे विसापूर. लोहगडाकडे जाणारा रस्ता गर्दीच दाखवते. विसापूरची वाट मात्र रानात शिरते आणि तिला जागोजागी गुरांच्या वाटा फुटतात. धुक्यात आम्ही अशाच एका वाटेने अर्धा तास भलतीकडे गेलो. गुरे घेऊन येणाऱ्या एका आजींनी ‘तिकडं कुठं निघालात, पुढं कडा हाय’ म्हणून हटकले, तेव्हा मागे फिरलो. वर जाणाऱ्या मोडक्या पायऱ्यांवरून पावसाळ्यात अक्षरशः ओढा वाहतो. अनोळखी माणसाला ती वाट आहे की नाला, हेच समजत नाही.

लोहगडासह बारा किल्ल्यांचा समावेश जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला, त्यामुळे येणाऱ्यांची संख्या वाढणार हे उघड आहे. विसापूर त्या बारा किल्ल्यांत नाही. पण तो लोहगडाहून उंच आहे आणि १८१८ साली इंग्रजांनी आधी विसापूर घेतल्यावर लोहगडाचा निभाव लागला नाही, हे लक्षात घेतले तर एक किल्ला सजवून दुसरा रानात सोडून देणे इतिहासालाही धरून नाही.

माझी विनंती मोठ्या खर्चाची नाही. मळवली स्थानक, भाजे गाव, गायमुख खिंड आणि विसापूरच्या वाटेवरील प्रत्येक फाट्यावर मराठीत अंतर व लागणारा वेळ लिहिलेले दगडी फलक पुरातत्त्व विभाग, वन विभाग आणि ग्रामपंचायत यांनी मिळून बसवावेत. कातळावर ऑइलपेंटने बाण रंगवण्याचा उत्साह कृपया कोणी दाखवू नये. तसले बाण लेण्यांच्या वाटेवर पुरेसे झाले आहेत. फलक लावण्याचे काम स्थानिक तरुणांना द्यावे आणि पावसाळी रविवारी त्यांनाच वाटाड्ये म्हणून खिंडीत बसवावे. त्या आजींनी आमच्याकडून चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत.

आपला,
एक वाचक, चिंचवड