काका, तुमचा टेस्ट लॅम्प माझ्याकडेच राहिला

काका,

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. त्या रात्री सिग्नलला काचेवर टकटक करून तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्ही ब्रेक दाबला की डावा लाल दिवा उजळायच्या ऐवजी मंद होतो, आणि शेजारचा इंडिकेटर मिणमिणायला लागतो." मी जरा तुसडेपणानंच "माहितीये, बल्ब बदललाय" म्हणाले. तेव्हा माफी आधी, आभार नंतर.

खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. गाडी २२ वर्षांची. ब्रेक लाइट नीट लागत नाही म्हणून मी डावा बल्ब दोनदा बदलला होता, फ्यूज काढून बघितला होता, आणि एवढ्यावर न थांबता पेडलजवळचा ब्रेक स्विचही नवा घातला होता. तो बसवायला पेडलखाली डोकं खुपसून अर्धा तास उलटी पडले होते, ते वेगळंच. उजवा दिवा तेव्हाही झगझगीत लागत होता. दोन्ही दिव्यांना फ्यूज एकच आणि स्विचही एकच. उजवा लागतोय म्हणजे ते दोघे निर्दोष, हे तुम्ही एका वाक्यात सांगितलंत आणि मला गाडीत तोंड लपवावंसं वाटलं.

पुढच्या पेट्रोल पंपाच्या उजेडात गाडी लावली, तेव्हा वाटलं होतं की आता तुम्ही पाना-पक्कड काढणार. तुम्ही काढलात टेस्ट लॅम्प, म्हणजे वीज पोचते का ते बघायचा एक जुना बल्ब, दोन वायरी डाग देऊन जोडलेला, एका टोकाला मगरीच्या जबड्यासारखा चिमटा. मी ऐटीत मल्टिमीटर पुढे केला: "होल्डरला १२ व्होल्ट येतायत." तुम्ही विचारलंत, "काळी पिन कुठे धरली होतीत?" बॉडीला, अर्थातच. "बल्ब कुठे बॉडीला जोडलाय? त्याच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत बॉडीला नेणाऱ्या वायरीला धरून बघा."

मला ब्रेकवर बसवलंत, पण काटा मला दिसेल असा मीटर खिडकीत आणून धरलात. होल्डरची अर्थ आणि गाडीची बॉडी यांच्यात जवळजवळ काहीच दिसायला नको होतं. दिसले ८ व्होल्ट. मग तुम्ही एक साधी वायर होल्डरच्या अर्थपासून डिकीच्या उघड्या पत्र्याला टेकवलीत आणि मागची भिंत एकदम लाल झाली. पाय ब्रेकवर तसाच ठेवून मी कितीतरी वेळ आरशात बघत बसले होते.

मग डिकीतच कागदावर रेघा ओढून समजावलंत. अर्थ तुटली की करंट थांबून राहत नाही, मिळेल त्या फटीतून वाट काढतो. नुसता टेल लाइट लावला की त्याच्या ५ वॉटच्या बारीक तारेतला करंट त्याच बल्बमधल्या २१ वॉटच्या ब्रेकच्या तारेतून उलटा जाऊन उजव्या ब्रेकच्या दिव्यातून बॉडीला मिळतो, म्हणून दिवा ठीकठाक दिसतो. ब्रेक दाबला की तिथून ब्रेकचाच करंट येतो, म्हणून ती वाट बंद. उरते इंडिकेटरची, म्हणून तो बिचारा विनाकारण मिणमिणतो. दिवसा मी फक्त ब्रेक दाबून बघत होते. टेल लाइट लावून ब्रेक दाबावा हे कधी सुचलंच नाही. तो कागद मी जपून ठेवलाय.

डिकीच्या अस्तरामागचा अर्थचा बोल्ट सापडल्यावर जे झालं ते लिहिताना अजून लाज वाटते. वायरीच्या वळ्याखाली छान गुळगुळीत पांढरा रंग होता. गेल्या वर्षी गंज घालवून तिथे रंग मीच फासला होता, दोन हात, बोल्ट परत बसवायच्या आधी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, रंगाकडे बघितलंत, आणि काही न बोलता पॉलिश पेपर माझ्या हातात दिलात. पत्रा चकचकीत होईपर्यंत मीच घासला, वळं घासलं, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. मीटरचा काटा शून्याच्या आसपास आला, तेव्हा तुम्ही स्कूटरला किक मारलीही होती.

तुम्ही गेल्यावर अस्तर लावताना खाली तो टेस्ट लॅम्प सापडला. मागच्या आठवड्यात शेजारच्यांच्या गाडीत तोच वापरला. त्यांच्याकडे उलटं होतं, दोन्ही दिवे गप्प आणि मागच्या काचेवरचा तिसरा तेवढा लागत होता. म्हणजे फ्यूज आणि स्विच ठीक, पुढे वायर तुटलेली. डिकीच्या बिजागरीजवळ रोज दुमडून तुटली होती. दहा मिनिटं लागली.

लॅम्पच्या एका वायरीचा डाग सैल झाला होता, तो पुन्हा दिलाय. गाडी तीच आहे. मागून ओळखू आलीच तर हॉर्न द्या, लॅम्प डिकीतच आहे.

तुमची,
डाव्या दिव्यावाली ताई