हरळी काढून प्लास्टिक कशासाठी?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकाचं पत्र आलं होतं. व्यावसायिक फुटबॉलच्या स्टेडियममधलं गवत काढून प्लास्टिकच्या गवताचं कृत्रिम टर्फ घालावं, म्हणजे पाणी वाचेल, माळ्यांचे पगार वाचतील, पावसात सामना रद्द होणार नाही आणि टीव्हीवर मैदान बारा महिने हिरवंगार दिसेल, असं त्यांचं म्हणणं. पत्र तळमळीने लिहिलेलं होतं. पण ते वाचल्यापासून मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसलो.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो. शाळेत क्रीडाशिक्षक म्हणून चौतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची अकरा वर्षं मैदानाची देखभालही माझ्याकडेच होती.

ग्वाल्हेरच्या माणसासमोर टर्फचं नाव काढलं की त्याला हॉकी आठवते. ध्यानचंदांचे धाकटे भाऊ कॅप्टन रूपसिंह शिंद्यांच्या फौजेत होते, शेवटपर्यंत याच शहरात राहिले. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आपण अमेरिकेला 24-1 असं हरवलं, त्यातले दहा गोल त्यांचे. त्यांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं. आज लोक ते सचिनच्या 2010 मधल्या द्विशतकामुळे ओळखतात. 1975 मध्ये क्वालालंपूरला आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो, तो गवतावर. पुढच्याच वर्षी माँट्रियलला ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि ऑस्ट्रेलियाने आपल्याला 6-1 असं हरवलं. आपण सातवे आलो. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो. त्या दिवशी आमच्या महाराज बाड्याच्या चौकात पानाच्या टपरीपाशी रेडिओ ऐकत उभी असलेली मोठी माणसं एक शब्दही न बोलता पांगली, ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. 1980 ला मॉस्कोत सुवर्णपदक मिळालं हे खरं, पण तिथे बरेच तगडे संघ आलेच नव्हते.

मैदान बदललं की खेळ बदलतो, हे आम्ही तेव्हा शिकलो. हॉकीत जग टर्फवर गेलं आणि आमची पोरं वर्षानुवर्षं मातीवर शिकत राहिली, म्हणून मार खाल्ला. आता फुटबॉलकडे पाहा. पुरुषांच्या विश्वचषकाचा एकही सामना आजवर निव्वळ प्लास्टिकच्या मैदानावर झालेला नाही. 2015 मध्ये कॅनडात महिलांचा विश्वचषक तसा खेळवला, तर खेळाडूंनी आधीच न्यायाधिकरणाचा दरवाजा ठोठावला होता. इंग्लंडमध्ये क्वीन्स पार्क रेंजर्सने 1981 साली टर्फ घातलं आणि 1988 मध्ये उखडून टाकलं. नेदरलँड्सच्या अव्वल साखळीत 2025-26 च्या हंगामापासून कृत्रिम मैदानाला परवानगी नाही, आणि स्कॉटलंडच्या क्लबांनीही अव्वल साखळीतून ते काढायचं ठरवलं आहे. म्हणजे हॉकीत जे उलटं झालं, तेच आपण फुटबॉलमध्ये दुसऱ्या अंगाने करणार. जग गवतावर खेळतंय आणि आपण आपल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या खेळाडूंना प्लास्टिकवर घडवणार!

आपल्या देशात हा प्रयोग होऊन गेला आहे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियममध्ये 2011 मध्ये कृत्रिम टर्फ आलं. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात ठरला, तेव्हा ते काढून बर्म्युडा जातीचं गवत लावावं लागलं. आणि बर्म्युडा म्हणजे काय, तर आपली हरळीच. गणपतीला आपण ज्या दूर्वा वाहतो, त्याच कुळातलं गवत. बंगल्यातल्या बागेत जी हरळी माळी वैतागून उपटतो, तिच्यावर विश्वचषक खेळला जातो. ती उन्हाला घाबरत नाही, पायाखाली तुडवली तरी जमिनीलगत धावत पुन्हा पसरते. ही आपल्या मातीची वनस्पती असताना परदेशातून प्लास्टिकची गुंडाळी कशाला आणायची?

आता उन्हाबद्दल. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. घराजवळ जाळी लावलेलं एक टर्फ आहे, तासावर भाड्याने मिळतं. माझा नातू तिथे खेळतो. गेल्या उन्हाळ्यात दुपारी चारला त्याला घ्यायला गेलो, चपला काढल्या आणि एक पाय त्या हिरव्या गालिच्यावर ठेवला. तीन आकडे मोजायच्या आत उचलावा लागला. लगेच बाहेरच्या गवताच्या पट्ट्यावर उभा राहिलो, तिथे पाय टेकवून राहता येत होतं. कडक उन्हात कृत्रिम मैदानाचा पृष्ठभाग 60-70 अंशांपर्यंत जातो. गवत आपल्या पानांतून पाण्याची वाफ सोडतं म्हणून थंड राहतं. प्लास्टिकला ती सोय नाही. त्यावर पाणी मारतात, पण थोड्या वेळात ते पुन्हा तापतं. म्हणजे वाचवलेलं पाणी गार करण्यातच जातं. नातवाच्या गुडघ्यावर घसरल्याचा व्रण आहे, खरचटल्यासारखा नाही, भाजल्यासारखा.

गुडघ्याचं आणखी एक सांगतो. गवतावर खेळाडू झटक्यात वळला की बुटाच्या तळाच्या खुंट्यांखालची गवताची मातीसकट चकती निघते. बघणाऱ्याला वाटतं मैदान खराब झालं. पण तो झटका मातीने घेतलेला असतो. कृत्रिम मैदानात पाय अडकला की सुटत नाही, मग सगळा पीळ गुडघ्यात जातो. सामना संपल्यावर आमचे माळी हातात खुरपं आणि घमेल्यात वाळूमिश्रित माती घेऊन मैदानभर फिरायचे, एकेक चकती जागेवर बसवायचे. त्यांच्यामागून फिरताना मी मोजायचो आणि मला बरं वाटायचं.

त्या माळ्यांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. कागदोपत्री ते चपराशी होते, माळ्याची जागा मंजूरच नव्हती. ऑक्टोबरात हरळी मंदावायला लागली की ते तीत राय गवताचं बी पेरायचे, म्हणून आमचं मैदान जानेवारीच्या थंडीतही पिवळं पडत नसे. जमीन टणक झाली की काट्याने टोचून वाळू भरायचे. एका कापणीत पात्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू द्यायचे नाहीत, मग पाहुणे येवोत की मंत्री. मला म्हणायचे, "मास्साब, दूब को पानी से ज्यादा आराम चाहिए." हे मी कुठल्या पुस्तकात शिकलो नव्हतो.

तो आरामच मिळाला नाही. लग्नसराईत मैदान भाड्याने जाऊ लागलं. मांडवाच्या खुंट्या, आचाऱ्याच्या भट्ट्या, जनरेटरमधून सांडलेलं डिझेल. गोलपोस्टपुढचा तुकडा एका हिवाळ्यात जळाला. मी लेखी तक्रारी केल्या, उत्तर आलं नाही. ते माळी निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही. आणि मग समितीने ठराव केला की गवत टिकत नाही, सबब कृत्रिम टर्फ घ्यावं. ते आलं. सात वर्षांत त्याचे जोड उघडले, कोपऱ्यात पाय अडकून मुलं पडू लागली, आणि नवं घ्यायला पैसे नव्हते. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण अशा किती तरी ठिकाणी हेच झालं असेल.

पत्रलेखकांचा सगळा हिशेब माळ्याच्या पगारावर उभा आहे. पण टर्फ म्हणजे एकदा पैसे घातले की सुटलो, असं नाही. आठ-दहा वर्षांत ते बदलावं लागतं. मधल्या काळात त्याला कुंचल्याने विंचरावं लागतं, पात्यांमधली कमी झालेली भरणी घालावी लागते. ती भरणी बहुतेक ठिकाणी जुन्या टायरांच्या रबराचा चुरा असते. मोठ्या मैदानाला सुमारे 100 टन लागतो. तो बुटांतून, मोज्यांतून, पावसाच्या पाण्यातून बाहेर जातच राहतो. युरोपीय संघाने या चुऱ्याच्या विक्रीवर 2031 पासून बंदी घालायचं 2023 मध्येच ठरवलं. ते ज्याला कचरा समजून थांबवत आहेत, ते आपण आपल्या मातीत पसरायचं?

कृत्रिम मैदान कुठेच नको, असं मी म्हणत नाही. मिझोरामचं उदाहरण आहे. डोंगरउताराचा प्रदेश, सपाट जागा थोडी, पाऊस धो धो. ऐझॉलचा संघ टर्फवर खेळून 2016-17 ची आय-लीग ही तेव्हाची देशातली अव्वल साखळी जिंकला, त्याचा मला मनापासून आनंद झाला होता. ज्या मैदानावर सकाळपासून रात्रीपर्यंत शेकडो मुलं खेळतात, तिथे गवत टिकणारच नाही. तिथे टर्फ घाला, संध्याकाळी खेळवा. पण व्यावसायिक स्टेडियमवर हंगामात घरचे सामने असतात बारा-पंधरा. म्हणजे साधारण दोन आठवड्यांतून नव्वद मिनिटं. एवढ्यासाठी गवत पुरत नाही, हे मला पटत नाही. पुरत नसेल तर सामन्यांखेरीज त्या मैदानावर काय काय चालतं, ते आधी पाहायला हवं. पावसाचंही तेच. पाणी साचतं ते गवतामुळे नव्हे, खालचा निचरा नीट नसल्यामुळे. आणि निचरा तर टर्फखालीही करावाच लागतो.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. यापुढे कुठल्याही स्टेडियमच्या टर्फची बातमी आली, तर किंमत आणि उद्घाटनाची तारीख याबरोबर आपल्या प्रतिनिधीने तिथे दोन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षभरात या मैदानावर फुटबॉल सोडून किती कार्यक्रम झाले? आणि इथे कायम नोकरीत माळी किती आहेत? उत्तरं छापून आली तर मी ती वाट पाहून वाचेन.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक,
लष्कर, ग्वाल्हेर