इशारा देते, पण केव्हा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या गाड्यांतल्या सुरक्षा यंत्रणांवरचा कालचा लेख वाचला. मेहनतीने लिहिलाय, त्याबद्दल आभार. पण पुढच्या वाहनावर आदळायचा धोका दिसला की गाडी इशारा देते आणि चालक सावध होतो, एवढ्यावर विषय संपवलेला पाहून राहवलं नाही. इशारा केव्हा देते, हे लेखात कुठेच नाही. सगळी गोम तिथेच आहे.

गेल्या गळीत हंगामात भाच्याच्या गाडीतून पुण्याहून सोलापूरला येत होतो. मोहोळ सोडलं तेव्हा अंधार पडला होता. फोन आला म्हणून भाच्याने स्क्रीनकडे पाहिलं आणि नाव वाचत राहिला. पुढे दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. मी ओरडले, "अरे ट्रॉली!" त्याने ब्रेक दाबला, स्टिअरिंग उजवीकडे घेतलं, आणि मग गाडी वाजायला लागली. मोळ्यांतून बाहेर आलेल्या उसाने डावीकडचा आरसा मुडपला. मागच्या सीटवर त्याची दोन मुलं झोपलेली होती.

घरी आल्यावर कळलं, त्या इशाऱ्याला लवकर, मध्यम, उशिरा असे पर्याय असतात आणि त्याने 'उशिरा' ठेवलं होतं. "मावशी, सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत प्रत्येक रिक्षाला वाजतंय की ते! डोकं उठतं." त्याचं खोटं नाही. डोळे रस्त्यावर असताना वाजणारी बीप म्हणजे निव्वळ कटकट, आणि कटकट झाली की लोक वाट काढतातच. जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत सीटबेल्टची बीप सक्तीची झाली, तर लोक नुसतं बक्कल खोचून ती गप्प करू लागले. शेवटी 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्या बकलांची ऑनलाइन विक्री थांबवावी लागली.

इशाऱ्याची वेळ चालकाची नजर कुठे आहे त्यावर ठरली पाहिजे. ट्रकमधला जाणता क्लीनर हेच करतो. ड्रायव्हर रस्त्याकडे बघत असेल तर गप्प बसतो. तो तंबाखू मळायला लागला की लांबूनच "उस्ताद, पुढे गाडी" म्हणतो. मी भाच्याच्या शेजारी बसून तेच केलं, कारण मला रस्ताही दिसत होता आणि त्याचा चेहराही. गाडीला फक्त रस्ता दिसत होता.

ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदात 22 मीटर जाते. मान वर करून, समोर काय आहे ते उमजून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद सहज जातात. युरोपात जुलै 2024 पासून नव्या मॉडेल्सना चालकाच्या नजरेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. ताशी 50 च्या वर साडेतीन सेकंद नजर खाली राहिली की ती इशारा देते. चांगलं आहे, पण ताशी 80 ला साडेतीन सेकंद म्हणजे जवळपास 78 मीटर. आमच्या पुढची ट्रॉली तेवढ्या अंतरावरही नव्हती. रस्ता मोकळा असेल तर थांबा साडेतीन सेकंद. पुढे वाहन असेल आणि चालक खाली बघत असेल, तर एक सेकंदही थांबू नये. समोरचं वाहन हेरणारा रडार आणि चालकाचा चेहरा टिपणारा कॅमेरा यांची सांगड घालायला हवी. गाडी घेताना सनरूफ विचारतात तसं लोकांनी हेही विचारावं, आणि आपल्या वार्ताहरांनीही विचारावं.

आता ट्रॉल्यांबद्दल. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावतानाचे फोटो आपण छापता. पण तोवर हंगाम अर्धा झालेला असतो. रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा नसेल तर पहिल्याच खेपेला कारखान्याच्या गेटवर ट्रॉली अडवावी. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत कारखान्यांना आणि आरटीओला याचा जाब आपण विचारावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, जुळे सोलापूर