गणवेशाच्या कॉलरचा प्रश्न : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : दिव्यांगत्वाचा दाखला नसलेल्या मुलांना वर्गात साध्या सवलती मिळण्याबाबत

महोदय,

शिक्षकभरती, पटसंख्या, गळक्या वर्गखोल्या असे प्रश्न आपल्यापुढे रोज येत असतील. मी लिहिते आहे ते शर्टाच्या कॉलरबद्दल.

माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत आहे. त्याला नीट दिसतं, नीट ऐकू येतं, पाढे तर माझ्यापेक्षा भराभर म्हणतो. पण आवाज, स्पर्श, वास, उजेड यांतलं काय मनावर घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे त्याच्या मेंदूला जमत नाही. टेरिकॉटच्या कॉलरची शिवण त्याला टोचते म्हणजे खरोखरच टोचते. दुपारपर्यंत खाजवून मान लाल झालेली असते. घंटेचा टोल पडला की कानांवर हात ठेवून तो बाकाखाली शिरतो. खिचडीत अख्खा वाटाणा दाताखाली आला की ओकारी. त्याची नखं आम्ही तो गाढ झोपल्यावर कापतो, तीही एका रात्रीत एकाच हाताची, आणि शाळेत नखांची तपासणी असते तेव्हा उरलेल्या हातावर पट्टी बसते. दुसरीकडे, अंगाला जोराचा दाब मिळाल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो भिंतीला धडका देतो, मित्रांना गच्च आवळतो. वहीत शेरा येतो : ‘मारामारी करतो.’

नातेवाइकांचं निदान ठरलेलं आहे, लाडावून ठेवलाय. गंमत अशी, की याचेच पणजोबा नवं धोतर आधी धाकट्या भावाला वापरायला देत आणि ते मऊ पडल्यावर स्वतः नेसत. त्यांना कुणी हट्टी म्हटलं नाही. घरातले कर्ते होते ना!

डॉक्टरांनी स्वमग्नतेची (ऑटिझमची) तपासणी केली. ती नाही, म्हणाले. ‘सेन्सरी प्रोसेसिंग’ची अडचण आहे, ऑक्युपेशनल थेरपी (ओटी), म्हणजे हालचाली आणि खेळांतून रोजचं वागणं सोपं करणारा उपचार, सुरू करा. ही थेरपी या राज्याला नवी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिचं देशातलं पहिलं विद्यालय काढलं. इतकी वर्षं गेली, तरी आम्हाला ‘ओटी’साठी एसटीने पुणं गाठावं लागतं. सेशनमध्ये झोका, दोरी, उशांचा ढीग यांत तो छान स्थिरावतो आणि स्वारगेटला हॉर्न, डिझेलचा वास, गर्दीचे धक्के सुरू झाले की सगळं पाण्यात. थेरपिस्टबाई म्हणाल्या, इथल्या तासापेक्षा शाळेतले सहा तास महत्त्वाचे आहेत. मला ते पटलं.

शाळेत मात्र अडतं ते दाखल्यावर. मुख्याध्यापक भले आहेत, पण म्हणतात, दिव्यांगत्वाचा दाखला आणा, मग बघू. दाखला कुठून आणू? दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ च्या यादीत २१ प्रकार आहेत. स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, फक्त संवेदनांची अडचण असलेलं मूल नाही. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसोपचारांच्या निदानग्रंथातही संवेदनांचा हा त्रास स्वमग्नतेचं एक लक्षण म्हणून येतो, स्वतंत्र निदान म्हणून नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१२ मध्येच आपल्या डॉक्टरांना सांगितलं, की ‘सेन्सरी प्रोसेसिंग डिसऑर्डर’ हे नाव निदान म्हणून वापरू नका. तज्ज्ञांचं एकमत होईपर्यंत माझा मुलगा दहावी झालेला असेल. म्हणून बाविसावा प्रकार यादीत घाला, अशी माझी मागणी नाही. टक्केवारी, मानधन, राखीव जागा यांतलंही काही नको.

मला हवं आहे ते फुकट आहे. दुसरीत त्याला एक बाई होत्या. त्यांनी त्याची जागा दारापासून आणि खडखडणाऱ्या पंख्यापासून लांब केली. घंटा व्हायच्या आधी त्या त्याला खुणेने सांगत. अस्वस्थ झाला की वह्यांचा जड गठ्ठा ऑफिसात पोहोचवायला पाठवत. ओझं उचललं की त्याचं अंग शांत होतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, त्यांनी पाहिलं होतं. गणवेशाच्या रंगाचा जुना सुती टी-शर्ट चालवून घेत. त्या वर्षी वहीत एकही शेरा आला नाही. मग बाईंची बदली झाली आणि सोयही त्यांच्याबरोबर गेली. नव्या सरांचं चूक आहे असं मी म्हणत नाही. उद्या कुणी विचारलं, की या एकाच मुलाला वेगळा नियम का, तर दाखवायला त्यांच्याकडे कागद नाही.

तो कागद आपण काढा. वरच्या कायद्याचं कलम १६ शाळांना मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करायला सांगतं, आणि त्यात किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट नाही. त्याच धर्तीवर, ज्या सोयीला पैसा लागत नाही आणि जिचा इतर मुलांना त्रास नाही, ती वर्गशिक्षकाने दाखला न मागता, पालकांशी बोलून करावी, एवढं एक परिपत्रक. ‘एक राज्य एक गणवेश’चा २०२४ मधला प्रयोग गुंडाळून गणवेशाचा निर्णय पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आलाच आहे, मऊ कापडाची मुभाही तिलाच देता येईल. २६ जानेवारीच्या तालमीत लाऊडस्पीकर लागला की कान झाकायचे हेडफोन घालायला किंवा वर्गात बसायला परवानगी असावी. शाळेभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतात, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. आमच्या रस्त्यावरच्या डीजेवाल्यांनी ते वाचलेलं नाही, पण तो विषय गृहखात्याचा.

आणि एक. परिपत्रक निघालं, तर शिक्षकांच्या महिन्याच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी ते वाचून दाखवावं, अशी ओळ त्यातच घाला. नाहीतर ते शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माहिती भरायच्या लिंकांखाली दोन दिवसांत गडप होईल.

आपली,
तिसरीतल्या एका मुलाची आई