गोळी घेतली की राहिली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरोघरी रक्तदाब, मधुमेह, थायरॉइडच्या गोळ्या रोज घेतल्या जातात आणि एखादी राहून गेली की घरातले हळहळतात. पण राहून गेलेल्या एका गोळीपेक्षा घेतली की नाही हा संशय बहुधा जास्त महागात पडतो. आजोबांना आठवत नाही, सून कामात असते, मग ‘असू दे, घेऊन टाका’ म्हणत दुसरी गोळी पोटात जाते. ती ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी असेल, तर घाम, थरथर, असंबद्ध बोलणे सुरू होते. मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धांची साखर दिवसभर पुन्हा पुन्हा उतरू शकते. रुग्ण शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि बरे वाटले तरी दवाखाना गाठावा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात काहीही घालू नये.

यावर उपाय म्हणजे सात दिवसांचा, रोजचे चार खण असलेला गोळ्यांचा डबा. खण रिकामा म्हणजे गोळी घेतली, भरलेला म्हणजे राहिली. मोबाइलचा गजर फक्त वेळ सांगतो. पिठाच्या हाताने तो बंद केला की पुढचे कुणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून गोळी गिळल्यावरच गजर बंद करायचा, हा नियम घरात सगळ्यांना माहीत हवा.

डबा आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, एकाच माणसाने भरावा, तोही डॉक्टरांची चिठ्ठी समोर ठेवून. एका वेळी एकच स्ट्रिप हातात घ्यावी, ती सातही दिवसांत टाकून झाली की मगच दुसरी उघडावी. शेवटी प्रत्येक खणातल्या गोळ्या मोजाव्यात. चूक सापडते ती या मोजणीतच. सात दिवसांपुरत्याच गोळ्या उरल्या की मेडिकलमध्ये जावे. शेवटची गोळी संपल्यावर निघाले की दोन दिवसांचा खंड ठरलेला.

सगळ्याच गोळ्या स्ट्रिपमधून काढून ठेवता येत नाहीत. फिटसाठीची व्हॅल्प्रोएट दमट हवेत ओलावा ओढून घेते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमटपणाला तोटा नसतो. ती आवरणासकट कात्रीने कापून खणात ठेवावी, मात्र मुदतीची तारीख छापलेली बाजू शेवटपर्यंत कापू नये. रक्त पातळ करणारी डॅबिगॅट्रान मूळ वेष्टनातच राहू द्यावी. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून देऊ नये, दिवसभराचे औषध एकदम अंगात उतरते. सांधेदुखीसाठीची मेथोट्रेक्सेट बहुधा आठवड्यातून एकदाच असते. ती चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. तिच्या पाकिटावर वाराचे नाव ठळक लिहावे आणि ती काळजी घेणाऱ्यानेच हातात द्यावी.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा-दूध किमान अर्ध्या तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब हवी. सगळ्या गोळ्या सकाळी एकत्र घेतल्या तर थायरॉइडचे औषध अंगी लागत नाही आणि मग उगाच डोस वाढवावा लागतो.

चिठ्ठीवरच्या ‘1-0-1’चा (सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक) अर्थ शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्याने डॉक्टरांना विचारून घ्यावा. त्याची सकाळ आणि त्याचे जेवण कधी, यावर ते ठरते. उपवासाचेही तसेच. जोतिबाचा रविवार असो वा नवरात्रातला उठता-बसता उपवास, साखर उतरवणारी गोळी घेऊन जेवण टाळणे धोक्याचे आहे. उपवासाच्या दिवशी कोणती गोळी कमी करायची किंवा सोडायची, हे आठवडाभर आधी विचारावे.

रोज एकदाची गोळी सकाळी राहिली आणि दुपारी आठवली, तर बहुतेक औषधांबाबत ती घेता येते. दुसऱ्या दिवशीच आठवली तर कालची सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन कधीच नाहीत. इन्सुलिन, साखर उतरवणाऱ्या गोळ्या, फिट आणि रक्त पातळ करण्याची औषधे यांना हा ठोकताळा लावू नये, डॉक्टरांना फोन करावा.

रुग्णालयातून घरी आल्यावर जुन्या आणि नव्या स्ट्रिप शेजारी ठेवून बारीक अक्षरातले औषधाचे मूळ नाव ताडून पाहावे. कंपनीची नावे वेगळी आणि आत औषध एकच, असे पुष्कळदा निघते.

2019 आणि 2021 च्या महापुराचा अनुभव असलेल्या प्रयाग चिखली, आंबेवाडीसारख्या गावांनी एक गोष्ट करावी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की पंधरा दिवसांची औषधे आणि चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावी. वापरात असलेले इन्सुलिन फ्रिजबाहेर, 30 अंशांच्या आत, साधारण चार आठवडे टिकते, म्हणून वीज गेली तरी ते फेकू नये. थेट बर्फात मात्र ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

शहरातल्या औषध दुकानदारांना विनंती आहे की प्रत्येक पाकिटावर ‘सकाळी उपाशीपोटी’, ‘रात्री जेवणानंतर’ असे मराठीत ठळक लिहून द्यावे. गर्दीच्या वेळीसुद्धा.

– एक औषधनिर्माता, शाहूपुरी, कोल्हापूर