दादाचे डोळे

वेंगुर्ले

प्रिय विनू,

इथे सगळे ठीक. आईचे गुडघे जसेच्या तसे. पाऊस मिरगालाच लागला.

दादाच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहामुळे रक्तस्राव निघालाय. थेंब घालून बाहुली मोठी करून तपासले तेव्हा कळले. त्याला ना दुखत होते ना खुपत; पेपर नीट वाचत होता. अण्णांचे आठवले आणि हे तुलाच लिहावेसे वाटले.

लेझरची तारीख मिळालीय, पण दादा म्हणतो, "माका सगळा दिसता. जांभळाची पावडर वाढवतंय, आगळ घेतंय." जांभळाच्या रंगाने डोळे वाचतात असा मेसेज त्याला कुणीतरी धाडलाय. मग मी रात्र रात्र वाचत बसलो.

विनू, ते निव्वळ थोतांड असते तर सोपे होते. शेवग्याच्या पाल्यातली ल्युटिन आणि झियाझॅन्थिन ही रंगद्रव्ये पडद्याच्या मधोमध, पीतबिंदूत, खरोखर साठतात आणि निळा प्रकाश अडवतात. मधुमेही उंदरांना ल्युटिन दिले तर पडद्याचे नुकसान कमी होते. माणसांवरही २०१५ साली ही रंगद्रव्ये असलेल्या गोळीची एक चाचणी झाली: ६७ मधुमेही, सहा महिने. रंग ओळखणे, फिकट-गडद फरक कळणे सुधारले. पण त्या गोळीत इतरही बरेच काही होते, आणि आजार पुढे सरकायचा थांबतो हे त्यातून सिद्ध होत नाही. २०१३चा ल्युटिनवरचा मोठा अमेरिकी अभ्यास तर वयोमानाने झिजणाऱ्या पीतबिंदूचा, मधुमेहाचा नव्हेच.

आणि दादाची पावडर बियांची! जांभळाचा रंग सालीत नि गरात असतो. तो खाल्ला तरी रक्तात जेमतेम अंश उतरतो. आगळात कोकमाचा रंग आहे खरा, पण मीठ किती! त्यात बीपीची गोळी तो "उष्ण पडते" म्हणून मध्येच सोडतो. इंग्लंडातल्या १९९८च्या अभ्यासात टाइप २ मधुमेह असलेल्यांचा रक्तदाब काटेकोर आटोक्यात ठेवला, तर डोळे आणखी बिघडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. एवढा फरक कुठल्याच फळाने दाखवलेला नाही. जांभळे खाऊ दे, शेवग्याचा पाला खोबरे घालून रोज खाऊ दे, मीच आणून देईन. पण लेझरच्या जागी नको.

मी बोललो की तो "तू वायच गप रव" म्हणतो. तुझे मात्र ऐकतो. त्या होडीवरून तुम्ही दोघे वर्षभर बोलत नव्हता, तरी तुझे पत्र आले की आधी तोच फोडायचा. (होडी तूच बुडवलीस, हे मी अजूनही म्हणतो.)

मुग्धाचा निकाल लागला का? नव्या जागेत पाणी नीट येते ना? वहिनींना नमस्कार.

त्याला फोन कर. आकडे सांगू नकोस, त्याला आकड्यांचा राग येतो. अण्णा शेवटी शेवटी तुझा चेहरा हाताने चाचपून ओळखायचे, ते सांग. तुझ्या तोंडून ऐकले तर तो लेझरला येईल, गाडी मी काढतो. तारीख पुढच्या गुरुवारची आहे, त्याआधी कर. रात्री आठनंतर, तेव्हा जेवून ओटीवर बसलेला असतो.

तुझा,
दत्ता